गारव्याचा हिशेब

वातानुकूलन यंत्राच्या दुकानात पाऊल टाकले, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती टनाचा दाखवू?' आपण खोलीची लांबी-रुंदी सांगतो, तो 'दीड टन' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. या टनाचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मग हा टन कशाचा? तो बर्फाचा आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना भोवतालची जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढणारे यंत्र म्हणजे एक टनाचे यंत्र. हा टनही अमेरिकेतला, २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. गारवा म्हणजे बर्फ आणि बर्फ म्हणजे वजनावर विकत घ्यायची लादी, असा एक काळ होता. त्या काळाची खूण आजही आपल्या भिंतीवर लटकते आहे.

तो काळ फार लांबचा नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज कलकत्त्याकडे निघाले. त्यात फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला सुमारे १८० टन बर्फ भरला होता. चार महिन्यांचा प्रवास, मध्ये दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. तरीही कलकत्त्यात सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला. पुढे मद्रास आणि मुंबईलाही तो येऊ लागला. मद्रासच्या समुद्रकाठी या बर्फासाठी जे गोदाम बांधले, त्याच इमारतीत १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम झाला. आज ती 'विवेकानंद इल्लम' म्हणून ओळखली जाते. पण परिसराचे 'आइस हाउस' हे नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही.

हा इतिहास आठवायला यंदा एक निमित्त घडले. एप्रिलच्या अखेरीस आमच्या घरातले यंत्र बंद पडले. दुरुस्तीसाठी फोन केला, तर सुटा भाग यायला आठ-दहा दिवस लागतील, असे उत्तर मिळाले. उन्हाळ्यात मेकॅनिक मंडळींची अवस्था लग्नसराईतल्या भटजी-काझींसारखी असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी पदराने वारा घेत बायको म्हणाली, "अहो, अम्मींनी तर तरुणपणी विजेचा पंखासुद्धा पाहिला नव्हता. त्या कशा राहत असतील?" प्रश्न घरगुती होता, पण थेट इतिहासाला भिडणारा होता. इतिहासात आपण लढाया वाचतो, तह वाचतो. मे महिन्यातल्या दुपारी माणसे घरात काय करत होती, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

अम्मी राहत होती माळवदाच्या घरात. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या वाचकांना माळवद समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. दगडामातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. छप्पर सपाट. उजेड यावा आणि चुलीचा धूर जावा म्हणून त्यात एखाददुसरा झरोका. बाहेरच्या भिंतीला खिडक्या कमी आणि त्याही लहान. घराचे तोंड आतल्या अंगणाकडे.

या घराची सारी करामत उशिरात आहे. सकाळी भिंतीच्या बाहेरच्या अंगावर पडलेले ऊन आतल्या अंगापर्यंत पोहोचायला अशा जाड भिंतीत साधारण दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारची आग आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि घरातली माणसे तोवर माळवदावर जाऊन झोपलेली असतात. रात्रीच्या वाऱ्याने भिंती पुन्हा निवतात आणि सकाळी घर नव्याने गार असते. आपल्या आजच्या घराचा चार-पाच इंची काँक्रीटचा स्लॅब दुपारीच खालपर्यंत तापतो आणि आपण अंथरुणावर पडल्यावरही मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता अंगावर सोडत राहतो.

पण नुसत्या भिंतींनी भागत नसे. घराला एक दिनचर्या असे. सूर्य कासराभर वर आला, की अम्मी दारे-खिडक्या लावून घेई. दुपारी कुणी दार उघडे टाकले, तर तिचा आवाज चढे. सायंकाळी अंगणात पाण्याचा सडा, मग सगळी दारे सताड उघडी. १९८६ साली रमजान मे महिन्यात आला होता. पंधरा-सोळा वर्षांचा मी, दुपारभर त्या अंधाऱ्या सोप्यात सारवलेल्या जमिनीवर पडून असे. घशाला कोरड पडलेली असे, पण अंगाला जमिनीचा गारवा लागत असे. तो रोजा निभावला गेला यात माझ्या श्रद्धेचा वाटा किती आणि त्या जमिनीचा किती, याची वाटणी मी अजून केलेली नाही.

रात्री माळवदावर झोपण्यामागेही नुसता वारा नव्हता. निरभ्र रात्री जमीन, छप्पर, आपले अंग ही सारी आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतात. आपल्या लोकांनी याचा उपयोग चक्क बर्फ करण्यासाठी केला होता. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादेकडची ही रीत लिहून ठेवली आहे. हिवाळ्याच्या रात्री उघड्या जागी उथळ खड्डे करायचे, त्यात उसाची चिपाडे आणि कडबा अंथरायचा, त्यावर पसरट सच्छिद्र मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवायचे. हवा गोठणबिंदूच्या वर असली, तरी पहाटे ताटल्यांत बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. तो सूर्योदयापूर्वी गोळा करून उन्हाळ्यासाठी जमिनीखाली साठवायचा. जहाजाने बर्फ येण्याच्या कितीतरी आधी इथे रात्र साठवून ठेवणारी माणसे होती.

गारव्याचा दुसरा आधार पाणी. माठातले पाणी का निवते, हे आपण शाळेत शिकलो. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. किती ओढते, याचा हिशेब मात्र आपण करत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख जूल उष्णता शोषली जाते. एक टनाच्या यंत्राला तेवढी उष्णता बाहेर टाकायला अकरा-बारा मिनिटे चालावे लागते. दारात ओला पडदा लावून आणि त्यातून वारा खेळवून तासाभरात चार-पाच लिटर पाणी वाळवले, तर येणाऱ्या हवेपुरते आपण एका लहान यंत्राचेच काम करतो. वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्व हेच. वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळे. ती विणून दारा-खिडक्यांत ताटी बसवायची आणि तिच्यावर पाणी शिंपडत राहायचे. मोगलांच्या महालांत ती होती, नंतर साहेबांच्या बंगल्यांत आली. आजच्या कूलरच्या तीन बाजूंना जे गवत असते, ते याच ताटीचे वंशज.

पाणी गार करण्याच्या आणखी एका युक्तीची नोंद अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केली आहे. बंदुकीच्या दारूतला सोरा पाण्यात विरघळला, की ते पाणी थंड होते. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई काही वेळ फिरवायची, की सुरईतले पाणी गार. ज्या सोऱ्याने तोफ धडाडते, त्याच सोऱ्याने पाणी निवते, याचे अबुल फजललाही कौतुक वाटले होते.

पाण्याच्या गारव्याचा मोठा प्रयोग आमच्या मराठवाड्यात झाला. मलिक अंबर हा हबशी वजीर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीची सूत्रे हाती घेतलेला. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. पुढे त्याचे औरंगाबाद झाले, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. कमी पावसाच्या या पठारावर त्याने डोंगराच्या पोटातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणले. झाकलेल्या नहरीतून पाणी आले, म्हणजे ते उन्हात आटत नाही आणि तापतही नाही. त्याच्यानंतर शतकभराने त्याच पद्धतीच्या नहरीवर पाणचक्की उभी राहिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळत असे. तिथे जाणारे पर्यटक चक्की पाहतात, हौदातले मासे पाहतात आणि परततात. त्या मोठ्या हौदाच्या खाली खांबांवर तोललेले एक प्रशस्त दालन आहे, तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छप्पर. डोक्यावर पाण्याचा थर असल्यावर उन्हाची काय बिशाद? अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशहांनी फराहबाग महाल तर तलावाच्या मधोमध उभारला होता.

इथवर सारे रम्य वाटते. कवी माणसाला तर फारच. पण इथेच थांबलो, तर हिशेब अर्धा राहील. त्या ताटीवर दुपारभर पाणी कोण शिंपडत होते?

नहरीचे पाणी हौदापर्यंत येई. तिथून घरापर्यंत ते येई पखाल्याच्या पाठीवरून. कातड्याची भरलेली पखाल घेऊन तो उन्हातून फिरे, तेव्हा कुठे कुणाची तरी सावली गार होई. अंगणातला सडा, दर चार दिवसांचे सारवण, रांजण भरणे ही कामे घराघरांत बायकांची. माळवदाच्या घरात दुपारी सोपा गार असे, पण स्वयंपाकघरात चूल असे आणि तिच्यापुढे अम्मी असे.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती पंखा ओढणाऱ्याने. छताला टांगलेला कापडी झालरीचा मोठा पंखा, त्याला बांधलेली दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात आलेली आणि तिथे बसलेला एक माणूस ती दोरी तासन्‌तास ओढतो आहे, हे चित्र इंग्रजी अमलात कचेऱ्या, न्यायालये, बंगले, बराकी अशा सगळीकडे दिसे. रात्रीही ओढायचा. साहेब आत झोपलेला, हा बाहेर जागा. त्याला डुलकी लागली की पंखा थांबे, साहेबाची झोपमोड होई आणि पंखेवाल्याला मार बसे. अशा मारहाणीत पंखेवाले दगावल्याची प्रकरणे त्या काळच्या न्यायालयांपुढे आली आणि गोरे आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटले किंवा मोकळेच सुटले. इ. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या १९२४ सालच्या कादंबरीत खटल्याच्या प्रसंगी न्यायालयात पंखा ओढणारा माणूस आहे. आत काय चालले आहे, याचा त्याला पत्ता नाही. तो वारा घालतो आहे.

म्हणून 'जुने ते सोने' म्हणताना मी चाचरतो. विजेचा पंखा आला, तेव्हा त्या माणसाच्या हातातली दोरी सुटली. ही मला माणुसकीच्या इतिहासातली मोठी घटना वाटते.

माळवदाच्या हिशेबातही एक काळा रकाना आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागातली सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाचे धक्के निमित्त ठरले, माणसे गाडली गेली ती घरांखाली. चिखलात रचलेल्या, आतून भरड घातलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि त्यांच्यावरचा मातीचा थर खाली आला. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे माती टाकून टाकून तो थर जाड होत गेला होता. ज्या जाडीने उन्हापासून राखले, तिनेच घात केला. त्यानंतर आमच्या भागात लोकांना माळवदाखाली झोप येईना. ज्यांना जमले त्यांनी स्लॅब घातला, ज्यांना जमले नाही त्यांनी पत्रा टाकला. लोक गारवा सोडून उन्हाकडे गेले ते अडाणीपणाने गेले नाहीत. जीव वाचवण्यासाठी गेले.

आणि आता ज्या यंत्राची आपण वाट पाहत बसतो, त्याची जन्मकथा. ते माणसासाठी जन्माला आलेच नव्हते. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगत असे आणि रंगीत छपाईचे एकावर एक येणारे रंग सरकत. ती अडचण दूर करण्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली. पहिला गारवा मिळाला तो कागदाला. छापील कागदावर जगणारा मी, मला त्यात गैर काही दिसत नाही. पण छापखान्यातून हे यंत्र नाट्यगृहांत, कचेऱ्यांत आणि मग शयनगृहांत आले, तशी घरे बदलली. भिंती पातळ झाल्या, छपरे खाली आली, खिडक्यांना काचा आल्या, अंगण गेले. यंत्र आहेच, मग घराने कशाला गार राहायचे, असा विचार रूढ झाला. त्यामुळे यंत्र बंद पडते, तेव्हा आपले घर आपल्या आजोबांच्या घरापेक्षाही असहाय असते.

शिवाय यंत्र उष्णता नाहीशी करत नाही. आतली उष्णता, वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता, असे दोन्ही ते बाहेर गल्लीत टाकते. गल्लीत कोण असते? भाजीची गाडी, रखवालदार, समोरच्या पत्र्याच्या खोलीतले कुटुंब. पंखा ओढणारा माणूस व्हरांड्यातून गेला खरा. पण भिंतीच्या आत गार आणि बाहेर कुणीतरी तापलेला, ही मांडणी तशीच राहिली.

मग यंत्र येईपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत काय करायचे? इतिहासाने जे सांगितले तेच. सकाळी बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा तापू लागली, की खिडक्या बंद. रात्री बाहेर गार झाले, की सताड उघड्या. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचे, चटईने, बांबूच्या चिकाने, जुन्या चादरीने. काचेच्या आतल्या पडद्याला उशीर झालेला असतो. ऊन तोवर घरात आलेले असते. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर गच्चीला चुन्याची सफेदी द्या. ओला पडदा लावायचा तो वारा खेळत असेल आणि हवा कोरडी असेल तिथेच. मराठवाडा-विदर्भात तो चालतो. मुंबई-कोकणात हवाच ओली असते, तिथे पडदा भिजवून दमटपणा तेवढा वाढेल. तिथल्या जुन्या घरांनी आपला वेगळा मार्ग काढला होता : उतरती कौले, खोल पडव्या, समोरासमोर दारे. तिथे वारा हेच औषध. आणि पारा चाळिशीच्या वर गेला, तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका. तेवढी तापलेली हवा अंगावर घेतल्याने अंग निवत नाही, उलट तापते. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असेल, तर अंग ओल्या फडक्याने पुसत राहा, म्हाताऱ्या माणसाला पाणी पाजत राहा.

आम्ही आठ-दहा दिवस काढले. पण ज्यांच्या घरी यंत्र बिघडत नाही, कारण ते नसतेच, त्यांचा प्रत्येक उन्हाळा असा असतो. आपल्या देशातली बहुसंख्य घरे त्यातलीच आहेत. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या पुढे गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्तीचे मृत्यू झाल्याचे पुढच्या अभ्यासात दिसले. त्यातून धडा घेऊन २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला. लाटेची आगाऊ सूचना, रुग्णालयांची तयारी, पाणपोया, आणि पुढे वस्त्यांतल्या पत्र्यांना, छपरांना पांढरा रंग. पांढरा रंग म्हणजे तरी काय? आपल्या आजीची चुन्याची सफेदीच. फरक एवढाच, की आजी ती आपल्या घरापुरती देत असे, इथे ती शहराने शेजाऱ्याच्या छपराला दिली.

गारव्याच्या इतिहासातून मला मिळालेला धडा हाच आहे. हौदाखालचे दालन सुंदर होते, वाळ्याची ताटी सुगंधी होती, माळवद शहाणे होते. पण त्यांचा गारवा ज्याच्या-त्याच्या ऐपतीपुरता आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घामावर उभा होता. यंत्राने घाम पुसला, ऐपतीची अट मात्र ठेवली. नहर खणून गावभर पाणी नेणाऱ्याने चारशे वर्षांपूर्वी दुसरा रस्ता दाखवला होता. गारवा एका महालापुरता न ठेवता शहराच्या कामात धरायचा. झाड लावताना, रस्ता आखताना, घरकुलाचे छप्पर ठरवताना 'मे महिन्यात इथे दुपारी दोन वाजता कोण असेल?' एवढा एक प्रश्न विचारला, तरी पुष्कळ होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)